खोडावरचा चार

पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.
पायाखाली नुसती पोकळी,
आणखी एक पायरी आहे असं समजून
अंधारात टाकलेल्या पावलासारखी.
रिन्सनं उताराच्या जोरावर गाडी कडेला घेतली,
चावी फिरवली,
आणि अलेंतेजूतली दुपार
दार न वाजवता आत येऊन बसली.

पिवळी जाकिटं. लाल त्रिकोण, मागे तीस पावलांवर.
विम्याचा फोन: सतरा मिनिटं पियानो,
मग एक मुलगी विचारते, नेमके कुठे आहात?
मी आजूबाजूला पाहिलं.
बुचाची झाडं, डोक्याच्या वरपर्यंत सोललेली,
आतून तांबडी, ओल्या विटेसारखी.
समोरच्या खोडावर पांढऱ्या रंगात चार.
चार नंबरच्या झाडापाशी, मी म्हणाले.
फोन ठेवल्यावर दिसलं,
सगळ्याच झाडांचा नंबर चार होता.

टो-ट्रक आला तेव्हा खांबावरचे करकोचे झोपायला निघाले होते.
आम्ही ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पासपोर्ट,
आणि आरशात आमचं घर:
गादी, मिठाचा डबा, खिडकीत वाळणारे रिन्सचे मोजे,
सगळं दुसऱ्याच्या पाठीवर बसून
आमच्यामागून येत होतं.

एलिझेऊनं खाली वाकून पाहिलं, उठला, हात पुसले,
दोन्ही मुठींनी हवेत काहीतरी तोडून दाखवलं.
क्लचची केबल. इतक्या जुन्या गाडीची. लिस्बनहून येणार.
आणि ऑगस्ट.
ऑगस्ट तो असा म्हणाला
जसं कोणी घरात सुतक आहे म्हणून सांगतं.
मग कधी?
अमान्यां, म्हणजे उद्या.
मला ऐकू आलं, अमान्य.
हा विनोद रिन्सला समजावायला दहा मिनिटं लागली
आणि तो हसला नाही.
आदल्या फाट्यावर डावीकडे वळायचं कोणी ठरवलं
याचा निकाल अजून लागायचा होता.

तिसऱ्या दिवशी केबल आली.
वीतभर आखूड.

झोपायचो गॅरेजातच, ग्रीसच्या वासात.
एका पहाटे डोळे उघडले तर खिडकीला पत्र्याचं छप्पर टेकलेलं.
आम्ही आत आहोत हे विसरून
एलिझेऊनं लिफ्ट वर नेली होती.
खालून शिट्टी, पान्याची टकटक.
आम्ही हललो नाही. शिंकसुद्धा दाबली.
एका परक्या माणसाच्या डोक्यावर तोललेला आमचा संसार,
आणि रिन्स कुजबुजला,
डावीकडे मीच म्हणालो होतो.

त्याची मावशी एर्मेलिंडा दुपारी सूप घेऊन यायची:
शिळा पाव, लसूण, मूठभर कोथिंबीर, वर अंडं.
एकदा तिचं मीठ संपलं, आमचा डबा घेऊन गेली.
तिचा नवरा कुऱ्हाडीनं ती साल काढायचा.
चार म्हणजे चोवीस साल, तिनं बोटांवर दाखवलं,
त्या उन्हाळ्यात सोललं.
परत कधी?
तिनं नऊ बोटं वर केली,
मग स्वतःकडे बोट दाखवून खांदे उडवले
आणि वाडगे विसळायला घेतले.
त्यानंतर मी एलिझेऊला कधी म्हणून विचारलं नाही.

अकराव्या दिवशी पेडल तळव्याला येऊन भिडलं,
जरा ताठर, नव्या चपलेसारखं.
एलिझेऊनं केबलचे पैसे घेतले, हाताचे घेतले,
रात्रींचे घेईना.
रिन्सनं त्याला मिठी मारली, ग्रीससकट.
शर्टावर अजून डाग आहे.

साठ किलोमीटरवर एका धरणापाशी थांबलो,
अंडी उकडली, आणि लक्षात आलं,
मिठाचा डबा एर्मेलिंडाच्या ओट्यावरच राहिला.
परत वळायचं का, रिन्सनं विचारलं,
पाय आधीच क्लचवर.
पण कोणाच्या मिठाला कोणी जागायचं
हे आता नीट सांगता येईना.
अंडी अळणीच खाल्ली.